कोलकात्याचे साप्ताहिक आणि धुळ्याची जकात पावती

प्रकरण एका वाक्यापासून सुरू झाले. धुळ्याच्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या प्रबंधिकेचा पहिला मसुदा माझ्याकडे आणून दिला. विषय होता ‘धुळे शहर: नगरपालिका आणि पाणी’. पहिलेच वाक्य असे: ‘सर विश्वेश्वरय्या यांनी आखलेले धुळे हे देशातील मोजक्या नियोजित शहरांपैकी एक आहे.’ खाली संदर्भ नव्हता. विचारले तर म्हणाली, “सर, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.”

तिचे खोटे नव्हते. धुळ्यात हे खरोखरच सगळ्यांना माहीत आहे. बाहेरगावचा पाहुणा आग्रा रोडवर उतरला, गल्ली नंबर चार, पाच, सहा अशा पाट्या वाचून चकित झाला, की कोणीतरी त्याला हे सांगतेच. रिक्षावाला सांगतो, स्नेहसंमेलनाचा सूत्रसंचालक सांगतो, नवा कलेक्टर आला की सत्काराच्या भाषणात त्यालाही सांगतात.

त्याच मसुद्यात आणखी एक गोष्ट होती, जरा आगंतुक वाटावी अशी. सुभाषबाबूंविषयी काही शोधता शोधता तिच्या हाती ‘कॅलकटा म्युनिसिपल गॅझेट’चे जुने अंक लागले होते. कोलकाता महापालिकेचे हे इंग्रजी साप्ताहिक पाहून ती इतकी भारावली की प्रस्तावनेत तिने दीड पान खर्च केले आणि शेवटी हळहळली: ‘धुळ्याचेही असे एखादे नियतकालिक असते, तर शहराचा इतिहास लिहिणे किती सोपे झाले असते!’

ते दीड पान मी कापणार होतो. पाणी धुळ्याचे, नदी पांझरा आणि प्रस्तावनेत हुगळी कशाला? पण मग वाटले, तिला पहिल्या वाक्यावरून हटवायला ही हळहळच उपयोगी पडेल. संदर्भ नाही म्हणून वाक्य खोड, असे सांगितले असते तर तिने निमूट खोडले असते आणि मनात तेच धरून ठेवले असते. म्हणून मी म्हटले, आधी आठ दिवस फक्त ते साप्ताहिक वाचू. धुळे तोवर बाजूला.

कोणाचे, कोणासाठी

गॅझेट म्हटले की आपल्याकडे दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात: सरकारी राजपत्र, किंवा इंग्रजांनी जिल्ह्याजिल्ह्यांवर लिहिलेली जाडजूड गॅझेटियरे. हे त्यातले कोणतेच नाही. हे दर आठवड्याला निघणारे, चित्रे-जाहिराती असलेले, वाचले जावे म्हणून काढलेले पत्र होते. पहिला अंक 15 नोव्हेंबर 1924 चा, संपादक अमल होम. पुढे कितीतरी वर्षे तेच संपादक राहिले.

ते निघाले त्यामागची घडामोड समजून घेतल्याशिवाय त्याचा सूर समजत नाही. सुरेंद्रनाथ बॅनर्जी मंत्री असताना 1923 मध्ये कोलकात्यासाठी नवा महापालिका कायदा झाला. निवडून आलेल्यांचे बहुमत, सभेने निवडलेला महापौर, स्त्रियांना मत, हे सगळे त्या कायद्याने आले. 1924 च्या निवडणुकीत स्वराज पक्ष जिंकला. देशबंधू चित्तरंजन दास पहिले महापौर झाले आणि सत्तावीस वर्षांचे सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी. पगार महिना 3,000 रुपये होता, त्यांनी निम्माच घेतला. ज्या सरकारशी भांडायचे त्याच सरकारने आखून दिलेल्या चौकटीत एक शहर चालवून दाखवायचे, असा तो प्रयोग होता. त्या दोन-चार वर्षांत अहमदाबादेत वल्लभभाई आणि अलाहाबादेत जवाहरलालही नगरपालिकेच्या खुर्चीत होतेच. गटारे आणि दिवाबत्ती हा तेव्हा राजकारणाचा दुय्यम विषय नव्हता.

आणि मग तारखा पाहा. बोसांना 25 ऑक्टोबर 1924 ला अटक झाली. साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला त्यानंतर तीन आठवड्यांनी. पालिकेचा मुख्य अधिकारी तुरुंगात आणि पालिकेचे मुखपत्र बाजारात! माझी विद्यार्थिनी इथे पहिल्यांदा थबकली. तोवर ती अंकांकडे ‘माहितीचा खजिना’ म्हणून पाहत होती. आता तिला कळले की हे एका बाजूचे बोलणे आहे. बोलणाऱ्याला काही सिद्ध करायचे आहे: आम्हालाही शहर चालवता येते, बघा.

मी तिला वहीच्या पानावर मधोमध एक रेघ मारायला सांगितली. डावीकडे लिहायचे ‘कोण बोलते आहे’, उजवीकडे ‘कोणाशी’. एवढेच. पुढचे सगळे काम या रेघेने केले.

महापौर झाल्यावर दासांनी मांडलेला कार्यक्रम घ्या. मोफत प्राथमिक शिक्षण, गरिबांना मोफत औषधोपचार, शुद्ध आणि स्वस्त अन्न व दूध, गाळलेल्या आणि न गाळलेल्या पाण्याचा चांगला पुरवठा, बस्त्यांमध्ये, म्हणजे तिथल्या झोपडपट्ट्यांमध्ये, स्वच्छता, गरिबांसाठी घरे, उपनगरांचा विकास, वाहतुकीची सोय, कमी खर्चात चांगला कारभार. यादी म्हणून वाचली तर ही कुठल्याही जाहीरनाम्यासारखी वाटते. पण उलटी वाचली की 1924 चे शहर दिसू लागते. शुद्ध दुधाचे वचन द्यावे लागते, म्हणजे बाजारात कसले दूध होते ते कळले. ‘गाळलेले आणि न गाळलेले’ असे दोन पाण्यांचे वेगळे उल्लेख येतात, कारण कोलकात्यात नळच दोन प्रकारचे होते. एकातून पलताच्या जलकेंद्रात गाळलेले पिण्याचे पाणी येई, दुसऱ्यातून नदीचे तसेच पाणी, रस्ते धुण्यासाठी आणि मैला वाहून नेण्यासाठी. विद्यार्थिनीने लगेच विचारले, “मग सर, ज्यांच्या दारात फक्त दुसराच नळ होता ते काय पीत?” साप्ताहिक हे सांगायला निघाले नव्हते. पण हा प्रश्न पडला तो साप्ताहिकामुळेच.

उजवीकडचा रकाना भरायला जाहिरातींची मदत झाली. इतिहासाच्या अभ्यासात विद्यार्थी जाहिरातींची पाने सोडून देतात. मी तर म्हणतो, आधी तीच पाहावीत. विमा, औषधे, विजेची उपकरणे, बांधकामाचा माल. जाहिरातदार पैसे देतो म्हणजे वाचक कोण आहे हे त्याने पारखून घेतलेले असते. हा वाचक इंग्रजी जाणणारा, घर बांधणारा, कर भरणारा आणि मत देणारा होता. बस्तीतला माणूस या पानांवर ‘प्रश्न’ म्हणून येतो, वाचक म्हणून नाही.

या बस्तीचीही गंमत आहे. आपली ‘वस्ती’ आणि तिथली ‘बस्ती’ एक नव्हे. जमीन एकाची, तीवर झोपड्या बांधून भाड्याने देणारा दुसरा आणि राहणारा तिसरा, अशी ती तीन मजली व्यवस्था होती. स्वच्छतेची जबाबदारी कोणाची, हा वाद तिथे कधीच मिटत नसे तो याचमुळे.

त्याहून मोठी फसगत दुसऱ्या शब्दाने झाली. एक दिवस ती मोठ्या उत्साहाने आली. म्हणे, “सर, 1928 मध्ये कोलकात्यात धनगरांनी संप केला होता, पालिकेविरुद्ध!” मीही क्षणभर गोंधळलो. हुगळीकाठी मेंढ्या कुठून आल्या? मग उलगडा झाला. बंगालीत सफाई कामगाराला ‘धांगड’ म्हणत. रोमन लिपीत हा शब्द लिहिला की आपल्या डोळ्यांना तो थेट ‘धनगर’ दिसतो. संप खरा होता. कामगार नेत्या प्रभावती दासगुप्तांच्या पुढाकाराने कोलकात्याच्या सफाई कामगारांनी 1928 मध्ये काम थांबवले होते. आम्ही खूप हसलो, पण त्या हसण्यातून एक कामाची गोष्ट हाती आली. साप्ताहिक मालकाचे आणि संप नोकरांचा. तेव्हा संपकऱ्यांचे म्हणणे शोधायला या कपाटाबाहेर जावे लागणार, युनियनच्या कागदांत, वर्तमानपत्रांत, पोलिसांच्या टिपणांत. मालकाच्या खिडकीतून अंगण दिसते, स्वयंपाकघर नाही.

रवींद्रनाथ 7 ऑगस्ट 1941 ला गेले. 13 सप्टेंबरला या साप्ताहिकाने त्यांच्यावर खास पुरवणी काढली. आजही रवींद्र-अभ्यासक ती धुंडाळतात, पुढे तिचे पुनर्मुद्रणही झाले. नगरपालिकेच्या पत्राने कवीसाठी एवढे करावे याचे तिला अप्रूप वाटले. मला खान्देशातच जुळणारी आठवण झाली. आपल्या जळगावातून नारायण नरसिंह फडणीसांनी 1887 पासून ‘काव्यरत्नावली’ हे निव्वळ कवितेचे मासिक चालवले, तेही पालिकेच्या पैशाशिवाय. छापखाना, वाचक आणि हौस खान्देशात होतीच. नळ-गटारांविषयी बोलताना मात्र कोणाला वाचकाची गरज वाटली नसावी. तो व्यवहार पालिका आणि कलेक्टर यांच्यातला होता.

परत धुळ्यात

आठ दिवसांचे पंधरा झाले होते. आता ती रेघ आम्ही धुळ्याच्या कागदांवर मारली.

धुळ्याची नगरपालिका 1862 ची, जळगावची 1864 ची. म्हणजे कोलकात्याचे ते साप्ताहिक निघाले तेव्हा धुळ्याची नगरपालिका साठी ओलांडून गेलेली होती. 1850 च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या या पालिका सुरुवातीला साहेबाच्याच मुठीत होत्या. व्हाइसरॉय रिपनच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या 1882 च्या ठरावानंतर निवडून आलेल्यांचा शिरकाव हळूहळू वाढला. अशा पालिकेचा वार्षिक अहवाल कलेक्टरला जाई. बोलणारी पालिका आणि ऐकणारे सरकार. म्हणूनच तो इंग्रजीत, आकड्यांत, आणि ‘समाधानकारक’ या एका विशेषणावर चालणारा असतो. घरमालकाला जायची ती नोटीस. आणि ज्याला नोटीस वाचता येत नाही त्याच्यासाठी दवंडी. दवंडी कागद मागे ठेवत नाही. ठेवलाच तर खर्चाच्या वहीत मजुरीची एक ओळ.

या सगळ्याच्या वर बसलेले पुस्तक म्हणजे 1880 साली छापलेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, खानदेशचा. संपादक जेम्स कॅम्पबेल. धुळ्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा खंड चाळलेला असतो, निदान तसे सांगितलेले असते. आम्ही त्यातले चारच आकडे घेऊन बसलो.

1819 मध्ये धुळ्यात माणसे 2,509, घरे 401. 1863 मध्ये माणसे 10,000. 1872 मध्ये माणसे 12,489, घरे 2,620.

बहुतेक लेखांत हे आकडे ‘धुळ्याची झपाट्याने वाढ झाली’ या वाक्याला टेकू म्हणून येतात आणि तिथेच थांबतात. मी तिला म्हटले, आधी त्यांचा चेहरा बघ. 2,509 हा मोजलेला आकडा दिसतो. 12,489 ही गणनाच आहे. मधला 10,000 मात्र गोल आहे, एकही टवका न उडालेला. तो अंदाज आहे. नगरपालिकेच्या पहिल्याच वर्षांत कोणीतरी ‘दहा हजाराची वस्ती’ असे म्हटले आणि ते छापले गेले. मोजलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये अंदाजाचा आकडा ठेवून जो आलेख काढला जातो, त्यातला मधला चढ कागदावरचा असू शकतो.

मग भागाकार केला. 1819 मध्ये दर घरामागे सहाहून थोडी जास्त माणसे. 1872 मध्ये पाचाहूनही कमी. त्रेपन्न वर्षांत माणसे पाचपट झाली आणि घरे साडेसहापट. ती बुचकळ्यात पडली. शहर वाढले की गर्दी वाढते, घरात माणसे जास्त होतात, असे तिच्या मनात होते. मग आम्ही वेगवेगळ्या वाटा मांडून पाहिल्या. दुकाने आणि वखारीही घरांत धरल्या असतील. कापसाच्या बाजारासाठी आलेले अडते, हमाल, कारकून बायका-मुले गावी ठेवून एकेकटे राहत असतील. किंवा 1819 मध्ये ‘घर’ म्हणजे एक वाडा आणि 1872 मध्ये ‘घर’ म्हणजे एक चूल, अशी व्याख्याच बदलली असेल. यातली प्रत्येक वाट वेगळ्या कागदाकडे जाते. पहिली दुकानांच्या नोंदींकडे, दुसरी स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या संख्येकडे, तिसरी गणनेच्या सूचनांकडे. तिच्या प्रबंधिकेचे दुसरे प्रकरण या भागाकारातूनच निघाले.

1872 या सालातच आणखी एक मेख आहे. त्या वर्षी पांझरेला मोठा पूर आला आणि घरादारांची अतोनात हानी झाली. गणना मात्र त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली. म्हणजे 2,620 ही पुरापूर्वीची घरे. वर्षअखेर ती तेवढी नव्हती. आकडा छापून आला तेव्हा तो ज्या शहराचा होता ते शहर नदीने बदलून टाकले होते. पूर आणि गणना या दोन गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत, पण एका पानावर शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे लक्षातच येत नाही.

आणि याच खंडात ते पहिले वाक्य कोसळले. मी काही बोललो नाही. तिनेच वाचून दाखवले. इंग्रजांचा अंमल बसल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने 1819 मध्ये धुळे हे मुख्य ठाणे केले. तेव्हाचे गाव लहानसे, बागायतीने वेढलेले, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदी यांच्यामध्ये दाटीने बसलेले. ब्रिग्जने कचेऱ्या बांधायला मंजुरी आणली, लांबून कारागीर बोलावले, घरे बांधायला जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, जुन्या रहिवाशांना आणि नव्या आलेल्यांनाही बांधकामासाठी आगाऊ रकमा दिल्या. नवे धुळे रस्ते आखून वसवले गेले. जुन्या धुळ्यात घरे वेडीवाकडी आणि बहुतेक गरिबांची राहिली. हे सारे छापले गेले 1880 मध्ये.

विश्वेश्वरय्यांचा जन्म 1860 चा. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते लागले 1884 मध्ये.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे पुस्तक छापून झाल्यावर चार वर्षांनी ते नोकरीला लागले.” आणि थोड्या वेळाने, जरा रागाने, “मग सगळे का सांगतात?”

खरा प्रश्न हा होता. दंतकथा हवेतून येत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात विश्वेश्वरय्या खान्देशात होतेच आणि पांझरेच्या खोऱ्यात एका पाटाचे पाणी नळाने पलीकडे नेणारा सायफन त्यांनी बांधला. पांझरेच्या खोऱ्यात पाट म्हणजे जीव की प्राण. बंधाऱ्यावरून निघालेला पाट, त्याच्यावरची फडपद्धती (शेतांचे गट पाडून त्यांना पाळीने पाणी द्यायची रीत), पाणी सोडणारे पाटकरी, ही व्यवस्था इंग्रजांच्या कितीतरी आधीपासूनची. त्यात एका तरुण इंजिनिअरने पाणी नाल्यापलीकडे नेऊन दाखवले. पुढे तो भारतरत्न झाला. मग गावाने आपल्या सरळ गल्ल्याही त्याच्या नावावर चढवल्या. कुणा ब्रिग्जसाहेबाने आखलेले शहर म्हणण्यापेक्षा आपल्या माणसाने आखलेले म्हणणे कोणालाही गोड वाटेल. मला स्वतःला ही दंतकथा खोटी असूनही आवडते.

“मग वाक्य खोडू?” तिने विचारले. मी म्हटले, खोडू नकोस, हलव. पहिल्या पानावर ते माहिती म्हणून बसले होते. शेवटच्या प्रकरणात ते पुरावा म्हणून बसेल. विश्वेश्वरय्यांविषयीचा नव्हे, धुळेकरांविषयीचा.

आप्पांची पेटी

इथवर सगळे पुस्तकी चालले होते. वळण दिले ते तिच्या आजोबांनी. घरी त्यांना सगळे आप्पा म्हणतात. हयात नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकुनी करण्यात गेली. नात संगणकावर कोलकात्याचे अंक वाचते आहे हे ते रोज पाहत. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो, भरीत-भाकरी झाली, आणि ओसरीवर बसल्यावर तिने त्यांना विचारले, “आप्पा, आपल्या मुन्शिपालटीचं मासिक निघायचं का हो?”

आप्पा हसले. “आम्हनं मासिक म्हन्जे जकातनी पावती, बेटा.”

आणि आत जाऊन त्यांनी पत्र्याची पेटी आणली. सेवेतल्या काही जुन्या कोऱ्या-भरल्या पावत्या, एक फाटके दरपत्रक, हातावेगळ्या झालेल्या नोंदी. त्यांनी त्या का ठेवल्या हे त्यांनाही सांगता आले नाही.

जकात ही खान्देशातल्या आणि एकूणच मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांची जुनी आधारवड. हद्दीत वापरासाठी, खपासाठी, विक्रीसाठी येणाऱ्या मालावर नाक्यावरच वसूल होणारा कर. धुळ्याला ती जास्तच मानवली, कारण हे गाव मुळात रस्त्याचे. मुंबईहून भुसावळकडे गेलेल्या रेल्वेने जळगावाला 1860 च्या दशकातच जवळ केले. धुळ्याला चाळीसगावहून रेल्वेचा फाटा आला तो 1900 मध्ये. तोवर कापूस, अळशी, धान्य, जे काही येई ते बैलगाडीने, आग्रा रोडने किंवा आडवाटेने, आणि नाक्यावरूनच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने 1861 ते 1865 मध्ये कापसाला सोन्याचा भाव आणला तेव्हा गाड्यांची रीघ लागली असणार. धुळ्याची नगरपालिका त्याच काळात जन्मली हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

आप्पांनी दरपत्रकातल्या ओळींवर बोट ठेवत समजावले. कोणता माल वजनावर, कोणता किमतीवर, कशाला माफी. नुसता शहरातून पलीकडे जाणारा माल असेल तर त्याचा वेगळा पास, आणि भरलेली जकात माल पुन्हा बाहेर गेल्यावर परत मागायची सोय. त्या परताव्यासाठी व्यापारी कसे खेटे घालत, कोण हद्दीच्या अलीकडेच गोदाम बांधून गरजेपुरताच माल आत आणी, हे त्यांना तोंडपाठ होते. शहराची हद्द नकाशावर काढलेली असते. पण ती खरी कुठे आहे हे कळते नाक्याबाहेर उभ्या राहिलेल्या गोदामांच्या रांगेवरून.

विद्यार्थिनीने वही उघडली आणि रेघ मारली. डावीकडे: नाका. उजवीकडे तिने लिहिले: सगळे.

ते पाहून मला तिचे कौतुक वाटले. वार्षिक अहवाल कलेक्टरशी बोलतो, कोलकात्याचे साप्ताहिक इंग्रजी शिकलेल्या करदात्याशी. जकात मात्र तूप खाणाऱ्या, सरपण जाळणाऱ्या, कापड नेसणाऱ्या प्रत्येकाशी बोलते, कारण भाव वाढवून ती शेवटी त्याच्याच पदरात पडते. मताचा अधिकार स्वातंत्र्यापर्यंत मालमत्ता आणि करपट्टीला बांधलेला होता. म्हणजे जुन्या धुळ्यातली मोलकरीण नगरपालिका चालवायला रोज हातभार लावत होती आणि नगरपालिकेत कोण बसावे हे विचारायला तिच्याकडे कोणी येत नव्हते. पावतीवर तिचे नाव नाही. पण दरपत्रकात तिचे सरपण आहे.

नगरपालिकांची जकात 1999 मध्ये बंद झाली. धुळे महानगरपालिका झाली ती 2003 मध्ये. ओस पडलेल्या नाक्यांच्या खोल्या काही ठिकाणी अजून उभ्या आहेत, कुठे पानटपरी, कुठे पोस्टर चिकटवायची भिंत.

जे मिळाले नाही त्याविषयी

हे सगळे प्रकरण-अभ्यास (केस स्टडी) म्हणून लिहितो आहे, तेव्हा फसलेले कामही सांगायला हवे. तुलनेसाठी आम्हाला खान्देशातल्याच दुसऱ्या एका गावची ठरावबुके पाहायची होती. नाव घेत नाही. तीन खेपा झाल्या. पहिल्या वेळी साहेब रजेवर होते, दुसऱ्या वेळी किल्ली. तिसऱ्या वेळी एका भल्या शिपायाने आम्हाला मागच्या खोलीत नेले. तिथे पावसाने भिजून वडीसारखे झालेले कागद होते. बाकीचे ‘साफसफाईच्या वेळी’ रद्दीत गेल्याचे त्यानेच सांगितले. किलोचा भावही सांगितला.

राग आला, पण राग कोणावर काढायचा? धुळे म्हणजे राजवाड्यांचे गाव. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे इथेच 31 डिसेंबर 1926 ला वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे आहे, रुमालात बांधलेली दप्तरे तिथे जपली आहेत. कुणा देशपांड्याच्या माळवदावरचा मोडी कागद म्हणजे इतिहास, हे राजवाड्यांनी आपल्याला शिकवले आणि आपण ते शिकलो. गटाराच्या टेंडरचा कागद म्हणजे इतिहास, हे मात्र आपल्या अंगवळणी पडले नाही. ज्या कारकुनाने ती बाडे रद्दीत घातली त्याला कोणी मोडी कागद दिला असता तर त्याने तो नक्की जपून ठेवला असता, असे मला वाटते.

आता त्या साप्ताहिकाची बाजू जरा वेगळी दिसते. त्याच्या प्रती छापल्या गेल्या, वाटल्या गेल्या, घरोघरी आणि ग्रंथालयांत गेल्या, म्हणून एक जागा बुडाली तरी दुसरीकडे वाचल्या. ठरावबुक एकच असते. ते भिजले की संपले. आम्ही नियतकालिकाचे गुण-दोष महिनाभर चघळले, पण त्याचा सर्वांत साधा गुण म्हणजे त्याच्या अनेक प्रती असतात, तो आम्हाला त्या ओल्या खोलीत उभे राहिल्यावर सुचला.

प्रबंधिका मार्चमध्ये सादर झाली. प्रस्तावनेतली हळहळ तिने काढून टाकली. कोलकात्याचे दीड पान वाढून तीन पानांचे झाले, ते मी कापले नाही. पहिले वाक्य आता असे आहे: ‘1819 मध्ये धुळे हे पाट आणि नदी यांच्यामध्ये वसलेले 401 घरांचे गाव होते.’ विश्वेश्वरय्या शेवटच्या प्रकरणात आहेत, सायफनसकट. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पण धुळे तर विश्वेश्वरय्यांनी आखले ना?” तिने माझ्याकडे पाहिले नाही. वही उघडली आणि 1880 व 1884 ही दोन साले त्यांच्यापुढे ठेवली.

आप्पांच्या पेटीतल्या पावत्यांची आम्ही छायाचित्रे घेतली, दोन ठिकाणी ठेवली. मूळ पावत्या त्यांनी दिल्या नाहीत. म्हणाले, राहू द्या, पेटीत बऱ्या आहेत.